पाण्याच्या अंगानं

पंचवीस वर्षं फौजेत काढली आणि माझ्या हातून एकही शत्रू मेला नाही. हे आधीच सांगून टाकतो. गोळ्यांच्या फैरी वाचायला मिळतील या आशेनं ज्यांनी हे पान उघडलं असेल, त्यांनी खुशाल पुढं जावं. दिवाळी अंकाचे संपादक घरी आले तेव्हा त्यांनाही हेच म्हणालो. ते बिचारे गडबडले. म्हणाले, "जमादारसाहेब, मग पंचवीस वर्षं केलं काय?" म्हटलं, "भोकं बुजवली." त्यांना वाटलं म्हातारा थट्टा करतो आहे, पण मी खरं तेच सांगत होतो.

फौज म्हणजे नुसते बंदूकवाले नव्हेत. बंदूकवाला पुढं जातो तो कुणीतरी केलेल्या रस्त्यावरून, कुणीतरी टाकलेल्या पुलावरून, आणि पाणी पितो ते कुणीतरी खणलेल्या विहिरीचं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही, सॅपर. आमच्याही खांद्याला बंदूक असायची, परेडही असायची. पण हातात खरं शस्त्र फावडं. नदी आली, बोलवा सॅपर. दरड कोसळली, बोलवा सॅपर. बंधारा गळतो आहे, तंबूत पाणी शिरलं, साहेबाच्या न्हाणीघराचा पाट तुंबला, बोलवा सॅपर! शाबासकी मात्र पुलावरून वाजतगाजत जाणाऱ्याला. पूल टाकणारा तोवर पुढच्या नदीत छातीएवढ्या पाण्यात उभा असतो.

मी या कामात पडलो तो जन्मानंच म्हणा. नवेगाव बांधापासून अडीच कोसांवर आमचं गाव. जिल्हा भंडारा. आमच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या तलाव बांधले. मोठा तो तलाव, लहान ती बोडी, आणि पाणी अडवणारी मातीची भिंत ती पार. कुठल्या उतारावर पार टाकायची, कुठली माती पाणी धरते आणि कुठली दगा देते, हे आमच्याकडं पोरं शाळेत जायच्या आधी शिकतात. शाळेत गेली नाहीत तरी शिकतात.

गोंदियाच्या बाजारात भरतीचा तंबू लागला होता. मी विशीतला, बैलजोडी बघायला आलेलो. हवालदार मोठ्या मिशांचा, हिंदी बोलणारा. म्हणाला, "क्या काम जानते हो?"

"मिट्टी."

"मिट्टी में जानना क्या है रे?"

मी खाली वाकलो, तंबूतली मूठभर माती उचलली, थुंकी लावून तळहातावर वळली. वळीचे तुकडे पडले. म्हटलं, "ये पानी नहीं रोकेगी. तंबू गलत जगह गाडा है, हवालदारसाब." तो खदाखदा हसला आणि त्यानं मला हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरीवर सर आली. हवालदारसाहेब खाटेवर मांडी घालून बसलेले आणि खाटेखालून त्यांचे बूट तरंगत बाहेर निघालेले! मला शोधायला त्यांनी माणूस पाठवला. अशी माझी भरती झाली.

आता घरचं सांगतो, कारण माझ्या नोकरीची गोष्ट घराशिवाय सांगताच येत नाही. बायको भागरथा. तीही तलाववाल्यांचीच लेक, आणि मातीतलं माझ्याहून चार बोटं जास्त जाणणारी. दोन मुलगे आणि शेंडेफळ गिरजा. तिन्ही मुलं झाली तेव्हा मी कुठंतरी पूल टाकत होतो. वर्षाला दोन महिने रजा. बाकीचे दहा महिने मी खिशात तिघांच्या पायाचे दोरे घेऊन हिंडायचो. भागरथा दर रजेला पोरांचा पाय दोऱ्यानं मोजायची आणि गाठ मारून दोरा मला द्यायची. पुढच्या रजेला येताना त्या मापाहून दोन बोटं मोठ्या वहाणा आणायच्या, म्हणजे बरोबर बसत. पलटणीत सगळे हसायचे. हसोत बापडे. तंबूत एकटा असलो की मी ते दोरे बोटांना गुंडाळून बसायचो, हे आज कबूल करतो.

गिरजा तीन वर्षांची असताना मी रजेवर आलो. ती दारात उभी. मला बघून आत ओरडली, "माय, पावना आला वं!"

पाहुणा! स्वतःच्या घरात! भागरथा पदर तोंडाला लावून हसत सुटली, मलाही हसू आलं, पण आतून काहीतरी खचलं ते खचलंच. त्या रजेत मी पोरीला खांद्यावरून खाली उतरवलं नाही. जाताना तिला म्हणालो, "तुझ्या जन्माला नव्हतो, पण तुझ्या लग्नाला असणार. बोहल्याजवळ पहिला मी उभा असेन." तीन वर्षांच्या पोरीला काय कळणार असं मला वाटलं. पण पुढं प्रत्येक रजेला ती विचारायची, "बाबा, ध्यानात हाय ना जी?"

आता ती भोकाची गोष्ट. लढाई सुरू व्हायच्या आधीचा भादवा. मी नुकताच जमादार झालो होतो, खांद्यावर हुद्द्याची नवी चमकी, आणि रजेवर गावी आलेलो. बोडी तुडुंब. सकाळी माझा मेहुणा तुळशीराम धावत आला. हा भागरथाचा धाकटा भाऊ, आमच्याच गावात राहायचा. "भाऊजी, पार झिरपून राहिली! पानी गढूळ येऊन राहिलं!"

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. मातीची पार थोडी पाझरतेच. पाणी स्वच्छ आलं तर भिऊ नये. गढूळ आलं की समजावं, पाणी आतून माती खात आहे. मग पार टिकली तर टिकली, नाही तर बोडीखालची सगळी बांधी, म्हणजे धानाची खाचरं, एका झटक्यात वाहून जाणार.

सारा गाव पारीवर जमलेला. मी जमादार! मिशीला पीळ दिला आणि हुकूम सोडले. पोती आणा, वाळू भरा, एक-दो, एक-दो! पारीच्या खालच्या अंगाला, जिथून गढूळ पाणी बाहेर पडत होतं, तिथं पोत्यांची अशी सुरेख भिंत रचली की कुठल्याही साहेबानं पाठ थोपटली असती. पाणी थांबलं. लोकांनी "वा जमादार!" केलं. मी छाती फुगवून भागरथाकडं पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून उभी होती आणि बघत होती ती माझ्याकडं नव्हे, पारीकडं.

थोड्या वेळात पोत्यांच्या डावीकडं एक धार फुटली. मग उजवीकडं, मनगटाएवढी! लोकांची पळापळ झाली. मी आणखी पोती मागवली.

भागरथा घरी गेली ती सुपात धानाचा तूस घेऊन आली. पारीवर चढली आणि पाण्याच्या बाजूला मुठी भरभरून तूस फेकत चालली. तूस हलका, पाण्यावर पसरून तरंगत राहिला. एका जागी मात्र तो हळूच गोल फिरायला लागला. फिरत फिरत मध्ये आला आणि दिसेनासा झाला.

"तिथं हाय तोंड," ती म्हणाली. "अजी, फौजेत हेच शिकवतेत का? पानी मांगून ढकलून राहिलं आन् तुमी समोरून दार लावता. कोंडलं तं भित फोडून निंघन नाही का? भोक पान्याच्या अंगानं बुजवा लागते."

मला हे ठाऊक नव्हतं का? सहा वर्षांचा होतो तेव्हापासून ठाऊक होतं! आजोबांनी शिकवलेलं. पण खांद्यावर चमकी चढली आणि डोक्यातलं उतरलं. पोती हटवली, तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, मोठा बिंडा वळला, त्यात बोडीची काळी माती तुडवून भरली. मी तो घेऊन पाण्यात बुडी मारली आणि तूस फिरत होता तिथं पायानं दाबून बसवला. दुपारपर्यंत खालून येणारं पाणी नितळ झालं. तुळशीरामानं पुढं कितीतरी दिवस मला "वाळूवाले जमादार" म्हणून हाक मारली, आणि मी निमूट ऐकून घेतली.

मग लढाई आली. रजा बंद. दोन महिने सोडा, दोन वर्षांत दोन दिवस नाही. आम्ही पार तिकडं पूर्वेला, मणिपूरच्या खोऱ्यात, ब्रह्मदेशाच्या तोंडाशी. गंमत म्हणजे मुलूख अगदी आमच्यासारखा. धानाची शेतं, बांबू, गुडघाभर चिखल. फक्त मधूनमधून बॉम्ब पडायचे.

तिथं तुळशीरामाचं पत्र आलं. गिरजाचं लग्न केशोरीच्या मुलाशी ठरलेलंच होतं. घर चांगलं, मुलगा चांगला. पण माझ्या रजेपायी मुहूर्त दोनदा पुढं ढकलला होता. आता पाहुणे कंटाळले होते. वैशाखातला मुहूर्त धरला होता, दिवस उगवल्यापासून बारा घटकांचा, आणि या खेपेला टळला तर ते दुसरीकडं सोयरीक बघणार होते. खाली एक ओळ वेगळी होती. 'गिरजा म्हणते, बाबा आले तरच बोहल्यावर चढतो, नाही तर नाही.'

मी पत्र घेऊन कप्तानसाहेबांच्या तंबूत गेलो. साहेब वयानं लहान, विलायतेत शिकलेला इंजिनेर, पण माणूस दिलदार. मोडकं हिंदुस्तानी बोलायचा. त्यानं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि रजा मंजूर केली. पंधरा दिवस! मी तंबूत जाऊन अक्षरशः नाचलो. वहाणांचा दोरा आता लागणार नव्हता. गिरजासाठी कलकत्त्याला हिरवी साडी घ्यायची मनात ठरवून टाकली.

निघायच्या दिवशी सकाळी दहाला माझी लॉरी होती. ट्रंक बांधून तयार. तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला.

खोऱ्यात आम्ही ओढ्यावरून मातीचा भराव घालून रस्ता नेला होता. रात्रभर डोंगरात पाऊस झाला होता. ओढा फुगला, भरावाच्या एका अंगाला छातीएवढं पाणी तुंबलं आणि दुसऱ्या अंगाला गळती लागली. पलीकडच्या तीरावर दवाखान्याच्या गाड्या अडकलेल्या, जखमी पोरांनी भरलेल्या. यायला तो एकच रस्ता. भराव फुटला तर ती पोरं तिथंच राहणार होती. साहेब ओरडून ओरडून हुकूम देत होता, आणि आमची माणसं गळतीच्या तोंडावर, कोरड्या अंगाला, वाळूची पोती रचत होती. सुरेख भिंत!

साहेबानं मला पाहिलं. "जमादार, तुम जाओ! तुम्हारी लॉरी खड़ी है!"

खरंच उभी होती. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. एक पाऊल टाकलं असतं की गिरजाकडं जाणारा रस्ता सुरू झाला असता. रजा लेखी होती, कुणी बोट दाखवलं नसतं. गळणारं पाणी गढूळ होतं आणि पोत्यांच्या डावीकडं, अगदी आमच्या बोडीसारखीच, एक बारीक धार फुटत होती.

मी ट्रंक लॉरीतून खाली ओढली. "साहब, बोरे हटाओ!"

"पागल हो गए?"

"साहब, ये गलती मैं घर पर कर चुका हूँ."

तेवढ्या धांदलीतही त्यानं विचारलं, "किसने ठीक किया?"

"मेरी घरवाली ने."

साहेबानं शिट्टी फुंकून माणसं थांबवली. जवळच्या गावात धान कांडायच्या जागी तुसाचे ढीग होते. चार पोती तूस आणला. मी भरावावरून मुठी भरून फेकत सुटलो. तूस तरंगला, पसरला, आणि साहेबाच्या डोळ्यांदेखत एका जागी गरगर फिरून आत गेला! "बाय जोव्ह!" साहेब लहान पोरासारखा ओरडला. मग तणस, चिकणमाती, बांबूची चटई. बिंडा घेऊन मीच उतरलो. दुसऱ्या कुणाच्या पायांवर माझा भरवसा नव्हता. पाणी बर्फासारखं होतं. तीनदा बुडी मारली, तिसऱ्यांदा पायाखालची ओढ एकदम थांबली. ती जाणीव सांगता येत नाही. तापलेल्या लेकराचं कपाळ गार लागावं, तसं वाटलं.

तरी संबंध दिवस आणि पुढची सकाळ भराव मजबूत करण्यात गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या पार झाल्या. एका गाडीतल्या पोरानं मला बघून पट्टी बांधलेला हात हलवला. मी बोटांवर दिवस मोजले. लग्नाच्या आदल्या दिवशी घरी पोहोचणारा मी आता लग्नाच्या दिवशीच पोहोचणार होतो, तेही सगळ्या गाड्या वेळेवर मिळाल्या तर.

साहेबानं स्वतः जीपमध्ये घालून मला रेल्वेपर्यंत नेलं. घाटात तो अशी जीप हाणत होता की बॉम्बनं मेलो नाही तो आता मरतो असं वाटलं. उतरताना त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून मला दिलं. "उधार है. वापस लाना. टाइम पर पहुँचना."

गाडी, बोट, गाडी, कलकत्ता, पुन्हा गाडी. हिरवी साडी फलाटावरच्या फेरीवाल्याकडून घेतली, रंग पोपटी निघाला. लग्नाच्या सकाळी गोंदियाला उतरलो तर पलीकडच्या फलाटावर छोटी गाडी शिट्टी देत हललेली. ही आमची अरुंद रुळांची गाडी, बैलगाडीची थोरली बहीण. ट्रंक डोक्यावर घेऊन मी धावलो. गार्डानं खिडकीतून बघितलं आणि ओरडला, "अरे जमादार साहब, दौड़ो, दौड़ो! किसकी शादी है?"

"बेटी की!"

हे ऐकून त्यानं लाल झेंडी दाखवून गाडी चक्क थांबवली. त्या गार्डाचं नाव मी विचारलं नाही, याचं मला आजवर वाईट वाटतं.

पण नशिबात धावपळच होती. वाटेत एक म्हैस रुळावर बसली. पुढं इंजिनात पाणी भरायला वेळ लागला. डब्यातली सगळी माणसं माझ्या घड्याळात डोकावून हळहळू लागली. एका म्हातारीनं तर इंजिनाला शिव्या घातल्या. त्या दिवशी दिवस उगवला पावणेसहाला. बारा घटका म्हणजे पाच तासांना थोडं कमी, म्हणजे मुहूर्त साडेदहाच्या सुमाराला. मी स्टेशनावर उतरलो तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि पुढं अडीच कोस वाट होती. ट्रंक स्टेशनावरच्या चहावाल्याकडं टाकली, साडी काखेत मारली आणि पळत सुटलो. बूट, पट्ट्या, भारी कापडाचा गणवेश. आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला, अंगातून घामाचे पाट. पळायचं, दम लागला की चालायचं, पुन्हा पळायचं.

बोडीची पार दिसली. घड्याळ बघितलं. साडेअकरा.

गावातून वाजंत्र्यांचा आवाज येत नव्हता. सगळं शांत. मी समजलो. अक्षता पडल्या, मामानं कन्यादान केलं, पंगती बसल्या. मी पारीवर मटकन बसलो, पंचवीस वर्षांत रडलो नव्हतो तो रडलो. पाहुणा, पुन्हा पाहुणाच.

तेवढ्यात मांडवाकडून तुळशीराम धोतर सावरत धावत आला. "भाऊजी! येऊन राहिले का बसून राहिले? उठा ना जी!"

"झालं ना रे लग्न?"

"कायचं होते? घटकाच बुडून नाही राहिली!"

आजकालच्या पोरांना घटकापात्र ठाऊक नसेल म्हणून सांगतो. गावात घड्याळ नसायचं. मोठ्या घंगाळात पाणी, त्यावर तांब्याची वाटी, वाटीच्या बुडाला सुईएवढं भोक. खालून पाणी शिरत शिरत वाटी भरते आणि बुडते, ती एक घटका. लगेच रिकामी करून पुन्हा ठेवायची आणि भिंतीला कुंकवाचं बोट ओढायचं. बारावी वाटी बुडाली की जोशीमहाराज "सावधान" म्हणणार आणि अक्षता पडणार.

मांडवात शिरलो तर लग्नघराऐवजी कचेरीत आल्यासारखं वाटलं. सगळे ताटकळलेले. भिंतीवर कुंकवाची अकरा बोटं. वाजंत्रीवाले सनया मांडीवर घेऊन पेंगत होते. केशोरीचे पाहुणे कुरकुरत होते, नवऱ्याच्या काकाचं म्हणणं, "महाराज, घटका मेली का काय जी? पोटात कावळे बोंबलून राहिले!" जोशीमहाराज घंगाळाशी घाम पुसत बसलेले. आभाळामुळं सावली नाही, तेव्हा वाटीवाचून त्यांना दुसरा आधार नाही. मला बघताच म्हणाले, "या जमादार! बरे आलात. बारावी घटका अजून चालू आहे."

मी घड्याळ पुढं केलं. "महाराज, मुहूर्त होऊन तास झाला."

ते रागावले. "तुमचं घड्याळ विलायती. आमची घटका शास्त्राची. ती कधी खोटं बोलत नाही."

मी वाटीकडं पाहिलं. तीन हिस्से भरलेली, शांत तरंगत होती. पंचवीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस मी. पाणी शिरत असलं की वाटी सूक्ष्म थरथरते. ही थरथरत नव्हती. मान वर केली तर घंगाळापलीकडं भागरथा, लाल लुगडं, कपाळाला मळवट. माझ्याकडं बघून तिनं डोळ्यांनी फक्त पाटाकडं खूण केली, बसा म्हणून.

मी पाय धुतले, गणवेशावरच उपरणं घेतलं, गिरजाच्या शेजारच्या पाटावर बसलो. गिरजानं माझ्याकडं बघितलं, ओठ दाबले आणि हात माझ्या हातात ठेवला. हळदीनं पिवळे हात. नखांत मात्र काळं काहीतरी अडकलेलं. मला वाटलं, पोरीनं काल रात्रीपर्यंत चूल सोडली नसेल.

मग भागरथा हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढं आली. "घटकामायची पूजा करतो जी महाराज, कोपली असन," म्हणाली. पात्राला कुंकू लावलं, फूल वाहिलं, वाकून नमस्कार केला. वाकताना तिचा अंगठा वाटीच्या बुडाखालून फिरला. दुसऱ्या कुणाला दिसलं नाही, मला दिसलं. अंगठ्याला काळी माती होती, आणि ती बुडाच्या बाहेरून निघाली होती. पाण्याच्या अंगानं!

वाटी थरथरली. मी मनात मोजू लागलो. शंभराच्या आत वाटी कलली, 'बुडुक' झालं आणि जोशीमहाराज आनंदानं एवढ्या जोरात "सावधान!" ओरडले की पेंगणारा सनईवाला पाटावरून पडला. अक्षतांचा पाऊस पडला, वाजंत्री दणाणली, आणि माझ्या लेकीचा हात मी माझ्या हातानं दिला. त्या क्षणी मला कुणी सुभेदारी देऊ केली असती तरी मी उठलो नसतो!

वरात निघाल्यावर भागरथाला गाठलं. "अगं, मुहूर्त टाळलास. पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर?"

ती म्हणाली, "भेव काय लागला नाही? हातपाय गार पडले होते जी. देवाले म्हनलं, पाप लागन ते मले लाग. पन पोरगी सांगून बसली होती, बाबा नाही तं बोहला नाही. मंग सोयरीक मोडली असती. कोन्ता मुहूर्त मोठा?"

रजा संपवून परत गेलो आणि साहेबाला घड्याळ दिलं. "टाइम पर पहुँचे?" म्हणाला. म्हटलं, "आपके टाइम से नहीं, साहब. मेरी घरवाली के टाइम से." त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो इतका हसला की बाहेरच्या पहारेकऱ्यानं आत डोकावून पाहिलं. पुढं लढाई संपली, मी पेन्शनीवर घरी आलो, देश स्वतंत्र झाला. जोशीमहाराज मागच्या वर्षी गेले. त्यांच्या शास्त्राचा मान राखायला मी इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं होतं. गिरजाला आज चार मुलं आहेत, केशोरीला धानाची शेती आहे, आणि तासभर चुकलेल्या मुहूर्तानं तिचं काहीएक बिघडवलेलं नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर काल घरात वाचून दाखवलं. गिरजा माहेरी आलेली, भागरथा सुपात धान पाखडत बसलेली. मला धाकधूक, पोरीला प्रथमच कळणार, रागावेल का? शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, "बाबा, एक चुकलं तुमचं. माय तं सकारपासून मांडवातून हाललीच नाही. मंग बोडीची माती मांडवात आली कशी?"

मी भागरथाकडं पाहिलं. ती धान पाखडत राहिली.

"नवरीले हळद लागल्यावर शिवेबाहेर जाऊ देत नाही," गिरजा म्हणाली. "पन बोडी तं शिवेच्या आत हाय ना जी?" आणि तिनं आपली दहाही बोटं माझ्यासमोर पसरली.